पाणी आलंय, आता विचारा

मी आकड्यांवर पोट भरणारी बाई. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणी नारळ उतरवून टाकला, तर मी तो ओलांडून ऑफिसला जाते. त्यामुळे हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा, मीही हसलेच असते...

खराडीतल्या आमच्या कंपनीकडे एक सरकारी सर्वेक्षण आलं होतं, बायकांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांचं. माझ्यापर्यंत नावं येत नसत, नुसते क्रमांक आणि उत्तरं. घरोघरी जाऊन विचारायचं काम रत्नाताईंसारख्या बायकांचं. रत्नाताई खडकीच्या. आवाज मऊ, जीभ तिखट.

या कामाचा एक नियम आहे. बाई एकटी असेल तरच विचारायचं. मध्येच सासू, नवरा, कुणीही आलं, की त्याच दमात विषय बदलायचा : "मग, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" येणाऱ्याला वाटतं, पाण्याचा सर्व्हे चाललाय. ती मुलाखत मग अपूर्ण राहते आणि अपूर्ण मुलाखती हिशेबातून गाळायच्या. ते काम माझं.

त्या दुपारी मी तेच करत होते. डेस्कवरचा फोन वाजला. तो फक्त ऑफिसातल्या ऑफिसात चालतो, बाहेरची लाइनच नाही त्याला.

"ताई, पाणी आलंय. आता इचारा."

बाईचा आवाज. स्वच्छ, घाईचा. मी "कोण बोलतंय?" म्हणेपर्यंत फोन बंद. कुणीतरी चेष्टा करतंय, असं वाटलं. आमच्याकडे रिकामटेकड्यांना तोटा नाही.

रत्नाताई टॅब जमा करायला आल्या होत्या. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं. त्या खुर्चीत बसल्याच.

"मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग कळलं. शहराच्या कडेच्या एका वस्तीत एक बाई बोलायला लागली होती, तेवढ्यात सासू आली. निघताना रत्नाताईंनी तिला हळूच सांगितलं, घरात एकट्या असलात की कुणाच्याही फोनवरून मला एवढंच कळवा : पाणी आलंय. नंबर दिला तो स्वतःच्या मोबाइलचा. हे त्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"योगायोग असेल हो," मी म्हणाले. "उद्या साहेबांना विचारून जाऊ."

"तुम्ही विचारत बसा. मी निघाले."

मला लाज वाटली आणि भीतीही. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. 

त्या बाईच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, "सासू देवळात गेलीया, नवरा कामावर हाय. सूनबाई आजारी हाय म्हणत्यात." रत्नाताईंनी कडी काढली. बाई जमिनीवर पडलेली, चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा. आम्हाला बघून तिने रत्नाताईंचा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, जबडा मोडलाय, आजचा नाही, कालचा. हिच्याने शब्दही उच्चारला गेला नसता. घरात फोन नव्हताच.

ऑफिसात मी फोन तपासून घेतला. बाहेरचा फोन यावर येईलच कसा, म्हणत ऑपरेटरने मला वेड्यात काढलं.

त्या बाईने पोलिसांत तक्रार केली. आता ती माहेरी असते. जबडा बरा झाल्यावर रत्नाताईंनी तिच्याशी बोलणं करून दिलं. मी विचारलं, त्या दिवशी फोन केला होता का?

"न्हाई ताई. कुठनं करनार? उठवतच नव्हतं."

आवाज तोच होता. मी कुणासमोरही सांगेन, तोच होता.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते शोधायचंही मी सोडलंय. मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या सर्वेक्षणात अपूर्ण मुलाखती पुष्कळ होत्या. साहेबांना म्हटलं, त्या घरांत पुन्हा जाऊ या. ते म्हणाले, मुदत संपली. नियमाप्रमाणे त्या सगळ्या गाळल्या, अहवालही गेला.

फोन मात्र एकीचाच आला.