एका दाताचं अंतर

सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वन्सं, हे गेले." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग उरलेला चहा गाळला, गाळणं धुतलं, ओटा पुसला, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण "बरं" म्हणालो... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मधूदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन झोपेतच गेला, तेव्हा अकाली गेला म्हणायची सोय नाही. पण मला तेव्हापासून एका जागी बसवत नाही. कपाट दोनदा लावून झालं. माझ्या मुलाला वाटतं हे दुःख आहे. दुःख आहेच, पण त्याखाली आणखी एक गोष्ट आहे. ती मी साठाहून जास्त वर्षं दादाला सांगितली नाही.

एका जागी न बसवणं हा खरं तर दादाचा स्वभाव. जेवतानाही त्याचा पाय हलत असायचा. आई म्हणायची, "ह्येच्या पायाक भिंगरी बांधून धाडलेली आसा." मुलुंडला आमच्या घरामागे फणसाखाली थोडी मोकळी जागा होती आणि तिथे दादाची मोटार उभी असायची. युद्धाआधीची विलायती गाडी, कुणीतरी टाकून दिलेली. दादा कुर्ल्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. वर्षभर रोज संध्याकाळी खपून त्याने ती चालती केली. पण ती चालायची म्हणजे सपाट रस्त्यावर. चढ दिसला की धापा टाकायची, मग आम्ही उतरायचं आणि ढकलायचं.

तेव्हा घाटकोपरला कांतिभाईंचं गॅरेज होतं. माणूस मोठा गमत्या, पण बोललेला शब्द पाळणारा. त्यांना वय झाल्यावर गॅरेज बघणारा भागीदार हवा होता, आणि दादाला दुसऱ्याच्या घंटेवर उठणं-बसणं नको झालं होतं. एका रविवारी आमच्या मागच्या अंगणात कांतिभाईंनी त्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "मधू, चार माणसं बसवून हिला खंडाळ्याचा घाट चढव, न थांबता. गॅरेजात अर्धी भागी तुझी. नाही चढली तर मी दुसरा माणूस बघतो, मग रागवायचं नाय हां." दादाचा पाय हलायचा थांबला, हे मी पाहिलं होतं.

जुहूच्या धावपट्टीवर त्या काळी मोटारींच्या शर्यती होत. तिथे गाडी पळवणारा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्याकडून दादाने तशाच इंजिनाचा कॅमशाफ्ट मिळवला. मला त्याने तो समजावून सांगितला होता. इंजिनाच्या पोटात फिरणारा एक दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. उंचवटा वर आला की झडप उघडते आणि इंजिन श्वास घेतं. या दांड्याचे उंचवटे मोठे होते, म्हणजे श्वासही मोठा. हे काम घरी करायचं नसतं, असं त्याला कारखान्यात सगळ्यांनी सांगितलं. त्याने रेडिएटर उतरवला, पुढचं झाकण काढलं आणि आतले बारके खुंटे खाली घसरू नयेत म्हणून आईचे कपड्यांचे लाकडी चिमटे पळवून ते चिमट्यांत अडकवले. आईने आठवडाभर ओल्या साड्यांना गाठी मारून त्या वाळवल्या आणि त्याच्या नावाने बोटं मोडली.

नव्या दांड्याच्या टोकाला दातेरी चाक होतं. ते इंजिनाच्या दुसऱ्या चाकात नेमक्या दातावर बसायला हवं, एक दातही इकडचा तिकडे चालत नाही. नव्या चाकावरची मूळ खूण झिजली होती. दादाने तीन संध्याकाळी वहीत आकडेमोड केली, दात मोजले आणि योग्य दात शोधला. रंग हाताशी नव्हता, म्हणून आईच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवून त्याने त्या दाताला बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दादा कारखान्याच्या पूजेला गेला होता. घरातल्या हत्यारांची पूजा माझ्याकडे. पाने, हातोडे, विळी, सगळं मी ओळीने मांडलं. आई आतून म्हणाली, "त्या लोखंडाक पण लाव गो, बिचारा नवीन आसा." मी तो दांडा उचलला. चाक तेलकट होतं, एका दातावर लाल डाग होता. पूजेची वस्तू स्वच्छ नको? मी रॉकेलच्या फडक्याने ते लख्ख पुसलं आणि मग त्यावर नीट हळदकुंकू लावलं, एकाच दातावर, ठसठशीत. झेंडूचं फूलही वाहिलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ते छान दिसलं होतं.

दादाने कुंकवाचा दात बघून दांडा बसवला.

गाडी चालू झाली, पण खोकायला लागली. त्याने चार दिवस कार्ब्युरेटरशी झटापट केली. रविवारी कांतिभाई आले, त्यांचा एक कारागीर आला, आणि मागे मी. घाट दिसायच्या आधीच, खोपोलीच्या अलीकडे, गाडीने मान टाकली. कांतिभाई काही वाईट बोलले नाहीत. रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, बस्स. परत आल्यावर दादाने झाकण उघडलं, वही घेतली, दात पुन्हा मोजले. कितीतरी वेळ तो उकिडवा बसून होता. मग म्हणाला, "एक दात चुकला. मोजणी चुकली माझी."

मला त्या क्षणी सगळं कळलं. मी आत जाऊन भांडी घासायला बसले. पुढच्या आठवड्यात दात जुळल्यावर तीच गाडी घाट अशी चढली की दादा एकटाच मोठमोठ्याने हसत होता. पण कांतिभाईंनी दुसऱ्याला शब्द दिला होता, आणि "मोजणी चुकली" असं दादाने स्वतःच त्यांना जाऊन सांगितलं होतं. तो निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात राहिला. त्याच गाडीत त्याने मला मोटार शिकवली. मी क्लच सोडताना चुकले की ओरडायचा, "अगं माठ, हळू!" तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं...

गाडी विकली तेव्हा त्याने पुन्हा जुना दांडा घातला आणि हा नवा, चाकासकट, ठेवून घेतला. पुढे चाक तेवढं काढून घेतलं. दर दसऱ्याला ते घेऊन माझ्याकडे यायचा, माझ्या लग्नानंतरही. चाक धरायचा आणि म्हणायचा, "लाव. ठिपका आहे त्याच दातावर हां." योग्य दातावर त्याने लोखंडी पंच ठोकून ठिपका मारला होता. मी लावायची. खाली बघून, घाईघाईने. वाटायचं, याला कळलंय का? मग वाटायचं, कळलं असतं तर साठ वर्षं गप्प बसला असता होय हा बडबड्या?

गेल्या आठवड्यात दसरा झाला. यंदा आम्हाला सण नाही. वहिनींनी चाक पाठवून दिलं, "हे तुमच्याकडेच राहू दे" म्हणून. कुंकू लावायचं नव्हतं, मग हाताला काहीतरी चाळा म्हणून मी रॉकेलचं फडकं घेतलं आणि इतक्या वर्षांचा थर पुसून काढला. ठिपक्याचा दात निघाला. आणि त्याच्या शेजारच्या दातावर, म्हणजे माझ्या दातावर, बारीक कोरलेलं अक्षर निघालं... 'सु'. माझ्या नावातला, सुमनमधला. अक्षर जुनं होतं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

दर दसऱ्याला चाक धरताना त्याचा अंगठा तिथेच असायचा. मला वाटायचं, धरायची पद्धत.

मी खूप रडले, आणि त्याचा रागही आला. एकदा म्हणायचं होतंस रे. मीही म्हणायचं होतं. चाक आता माझ्या टेबलावर असतं. मी अजून घरभर फिरतच असते, पण जाता-येता ते उचलते, आणि अंगठा आपोआप त्या दातावर जातो.