जोड फोडायची नाही

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. परदेशात, आमच्या पापाटोएटोच्या घरात माझ्याकडे एक जुनी सामुराई तलवार होती. होती, असंच लिहावं लागतंय.

मी शिकलो चौथीपर्यंत. पण लोखंड मला कळतं. पेनरोजच्या कारखान्यात वर्षानुवर्षं ग्राइंडरवर उभा होतो. शेजारच्या मशीनवर एक गोरा होता, त्याला या तलवारींचा नाद. त्यानंच मला लावला. पातं उजेडाकडे कसं धरायचं, धारेजवळची धुक्यासारखी रेघ कशी बघायची, मुठीत जाणाऱ्या शेपटाचा गंज का पुसायचा नाही, सगळं त्याच्याकडून. माझ्या तलवारीचं पातं, मूठ, म्यान, सगळं मूळचं एकत्र. मुठीपुढची लोखंडी चकती, तिला त्सुबा म्हणतात, तिच्यावर कोरलेला खेकडा. पुष्कळ शौकिनांनी नुसती त्सुबा मागितली. मी दिली नाही. जोड फोडायची नाही, हा आम्हा दोघांचा नियम. तो मला मेट म्हणतो, म्हणजे दोस्त. म्हणायचा, "मेट, पातं एकीकडे नि मूठ दुसरीकडे, म्हणजे नवराबायकोला वेगवेगळ्या वृद्धाश्रमात टाकणं."

त्या जूनमध्ये, इकडचा हिवाळा लागताना, तेल लावून पातं म्यानात घालताना हात थरथरला आणि अंगठ्याखाली चिरलं. टाके पडले. सून नर्स आहे. तिनं जखम बघितली आणि मग नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

"बाबा, आता बास," मुलगा म्हणाला. "देऊन टाका कुणाला तरी."

"मी गेल्यावर काय ते कर."

रक्तानं पातं डागळतं, म्हणून कारखान्यातला तो गोरा मित्र तलवार पुसायला घेऊन गेला. थोड्या दिवसांनी आणून स्टँडवर ठेवली. माझ्या हाताला पट्टी. पट्टी सुटली तरी अंगठा ठणकायचा. म्हटलं, आता खंडेनवमीलाच उचलू.

खंडेनवमीला मी तिची पूजा करतो. हळदकुंकू म्यानाला, पात्याला नाही, ओल्यानं गंजतं. मित्र दरवर्षीसारखा शिरा खायला आला होता.

"म्यानातच राहू दे ना बाबा यंदा," मुलगा म्हणाला.

"झाकलेल्या शस्त्राची पूजा कसली रे?"

मी उचलली आणि हात वर उडाला. वजनच नाही. तिथंच समजलो, तरी ओढलीच. आतून पिवळट लाकूड निघालं. पात्याच्याच आकाराचं, सुरेख तासलेलं. पातं वेगळं ठेवलं की मूठ नि म्यान सांधून राहावं म्हणून असलं लाकूड घालतात. ते मला ठाऊक होतं. असं तासणारा हात कुणाचा, तेही ठाऊक होतं. मित्र आपल्या मोज्यांकडे बघत होता.

"पातं माझ्याकडे आहे, मेट. सुखरूप आहे. तुझ्या मुलानं विचारलं, म्हणून..."

"आणि तू मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" मुलगा म्हणाला.

मी बायकोकडे वळलो. हिला तरी धक्का बसला असेल. ती शिऱ्यात चमचा फिरवत होती.

"अहो, ती घरात होती तोवर माझा डोळा लागत नव्हता."

"म्हणजे तुलाही?"

"मीच तर पुसत होते रोज," ती म्हणाली. "धूळ दिसली तर तुम्ही उचलाल म्हणून."

सगळा हिवाळा मी चहा घेताना त्या लाकडाकडे बघून खूश होत होतो, आणि ही माणसं मला बघत होती. त्या दिवशी मी शिऱ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, सगळे उठायच्या आत लाकडासकट ती तलवार चादरीत गुंडाळली आणि ट्रेन धरून मित्राच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं आणि आतून पातं आणलं.

"घेऊन जा, मेट."

"घेऊन जाऊ? तुम्ही मिळून परत चोरायला?"

त्याच्या टेबलावर मी मुठीतली बांबूची खुंटी काढायला बसलो. ती दोनदा निसटली. तो पुढे झाला, मी त्याला हात लावू दिला नाही. खुंटी निघाली, लाकूड बाहेर आलं. मूठ, म्यान आणि खेकड्याची त्सुबा मी त्याच्या पात्याशेजारी ठेवली.

"जोड तू फोडलीस," म्हटलं. "मी नाही फोडणार."

घरी आलो, ते लाकूड उघडंच स्टँडवर ठेवलं आणि बायकोला हाक मारून म्हटलं, "पूस आता."