तिसऱ्या घंटेची वाट

चहा उकळतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. मीच सांगितलेली बरी. रफीकभाईंच्या तोंडून ऐकाल तर त्यात तिखटमीठ इतकं असेल, की मला गाव सोडावं लागेल!

तर मी कुरखेड्याकडचा. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात, आणि तेरा वर्षं मी त्या नाटकांत गातोय. स्वतःच्या आवाजाबद्दल स्वतः काय बोलायचं? पण बोलतोच. एकदा शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीचं नाटक चालू होतं. तिथल्या पब्लिकनं इकडच्या माझ्या तानेला टाळ्या दिल्या! खोटं वाटत असेल तर त्या कंपनीच्या हिरोला विचारा. अजून बोलत नाही माझ्याशी.

मग एवढ्या मोठ्या गायकाला एम.ए.ची गरज काय? गरज मला नव्हती, रंजनाला होती. रंजना म्हणजे आमची बायको. गावच्या शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघणार होती आणि एम.ए. झालेल्याला आधी घेणार, असं हेडमास्तर बोलले होते.

"अजी, आवाज आहे तवरी कागद मिळवून घ्या," रंजना म्हणाली. "उद्या घसा बसला तर काय कराल? धानाच्या बांधीत बसून बेडकायले शिकवाल?"

बी.ए. होतोच. विद्यापीठाच्या संगीत विभागाचा फॉर्म भरला. बोलावणं आलं: दहा मिनिटं गायन, साथीदार आपला आणावा. सोबत सूचनांचा एक कागद.

"वाचून घ्या जी," रंजना म्हणाली.

"मले काय वाचा लागते? स्टेजवर जलम गेला माझा!" मी कागदाची घडी करून खिशात टाकली.

तोवर मित्रांनी चौकात फ्लेक्स लावलासुद्धा. माझा पेटीसकट फोटो आणि खाली 'विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मी म्हटलं, "अरे, परीक्षा तर होऊ द्या!" म्हणजे तोंडानं म्हटलं. फोटो कोणता घ्यायचा ते मीच सांगितलं होतं.

साथीला घेतले रफीकभाई. कुरखेड्यात त्यांचं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान आहे आणि सीझनमध्ये ते आमच्याच कंपनीत तबला वाजवतात. एसटीनं असे दणके दिले, की उतरून पाहतो तर पेटीची एक पांढरी पट्टी खालीच बसलेली. भाता हलला की पें! बोट लावा, नका लावू, पें!

"काऊन घाबरून राह्यला?" रफीकभाई म्हणाले. "कोणता बी कागद दे. घडी खुपसतो, बसते चूप."

मी खिशात हात घातला, जो हाताला लागला तो कागद दिला. त्यांनी तो पट्टीखाली खुपसला आणि पट्टी बसली चूप. कोणता कागद ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही.

परीक्षेच्या खोलीबाहेर दहा-बारा जण बसलेले. शेजारी कोरपन्याची एक पोरगी, तोंड पांढरं पडलेलं, हातात तोच सूचनांचा कागद, नुसती घोकत होती. मला दया आली.

"बाई, घाबरू नको. कलाकारानं घाई करायची नसते."

"पण भाऊ, ते घंटेचं..."

"घंटेचं तू मले सांगते? आमचा जलम गेला घंटेवर!"

बिचारीनं पुन्हा कागदात डोकं घातलं.

माझा नंबर आला. आत दोन परीक्षक, एक चष्म्याच्या मॅडम आणि एक दाढीवाले सर. दाराशी पितळी घंटा घेऊन शिपाई. आम्ही बैठक मारली. वाजली पहिली घंटा.

आता आमच्याकडची रीत ऐका. पहिल्या घंटेला कलाकारानं जागेवर यायचं. दुसरीला वाद्यं जुळवून तयार. तिसरी वाजली की पडदा वर, आणि मग गाणं! तिसरीच्या आधी सूर लावणं म्हणजे पडदा उघडा असताना धोतर नेसणं. तेरा वर्षांत ही चूक माझ्याकडून झाली नव्हती. विद्यापीठात करीन?

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

मी हात जोडून हसलो. पब्लिक तर सुरू करा, सुरू करा म्हणतंच! शिट्ट्या मारतं, चपला वाजवतं. म्हणून काय आपण तोंड उघडायचं?

"अहो, सुरू करा ना. वेळ जातोय."

रफीकभाई तबल्यावर हात ठेवून माझ्या कानाशी लागले, "मॅडमले लई घाई आहे गा."

"नव्या असतील," मी म्हटलं.

दाढीवाले सर हळूच मॅडमना म्हणाले, "ध्यान लावताहेत की काय?" ते मी ऐकलं आणि डोळे मिटूनच घेतले. इम्प्रेशन पडत होतं ना! वर पंखा करकरत होता, मिनिटामागून मिनिट जात होतं.

दुसरी घंटा वाजली. रफीकभाईंनी हातोडीनं ठक ठक करून तबला मिळवला, मी भाता मारून सा दिला. मॅडमनी लगबगीनं पेन उचललं. आम्ही पुन्हा हात बांधून बसलो. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आणि वाजली तिसरी!

काय सुटलो म्हणता! सारंगाचा असा आलाप टाकला, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. शिपाई आत आला, "झालं, चला बाहेर." मी तान वाढवली. आमच्याकडे मांडवात बैल घुसला तरी गाणं थांबत नाही, शिपायाचं काय घेऊन बसलात? तेवढ्यात ती कोरपन्याची पोरगी तानपुरा घेऊन आत आली. मी गाता गाता तिला खाली बसायची खूण केली. उशिरा येणाऱ्यांना आम्ही असंच बसवतो.

शेवटी मॅडमनी टेबलावर हात आपटला. "अहो, थांबा! तुमची वेळ संपली!"

"संपली? आता तर सुरू झालं जी!"

"सूचनांचा कागद मिळाला नव्हता का?"

"मिळाला ना."

"कुठे आहे?"

मी सदऱ्याचे खिसे पाहिले, पँटचे पाहिले. रफीकभाई खोकले आणि डोळ्यांनी पेटीकडे खूण केली. मी पट्टीखालून घडी ओढली.

पेंऽऽऽ!

त्या पें-पेंमध्ये मी सूचना क्रमांक चार वाचली. पहिली घंटा: गायन सुरू करावे. दुसरी घंटा: दोन मिनिटे शिल्लक. तिसरी घंटा: थांबावे.

खरं सांगतो, शाळेची जागा डोळ्यांसमोरून गेली. रंजनाला काय सांगू? आणि चौकातल्या त्या फ्लेक्सखालून घरी कसा जाऊ? तेरा वर्षांत स्टेजवर कधी रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

"मॅडम," मी म्हटलं, "तिसऱ्या घंटेच्या आधी मी कधी गायलोच नाई जी. झाडीपट्टीचा माणूस आहो. एक डाव ऐकून घ्या."

दाढीवाले सर रुमालात तोंड खुपसून हसत होते. बोलली ती कोरपन्याची पोरगी. "मॅडम, ऐकून घ्या न त्यायचं. मी थांबतो लागलं तर."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. "सगळ्यांचं झाल्यावर या. पाच मिनिटं. आणि घंटा वाजणार नाही!"

मग मात्र असा गायलो, की पेन खाली ठेवून मॅडम ऐकत बसल्या. यादी लागली तेव्हा कोरपन्याच्या पोरीचं नाव पहिलं होतं आणि माझं शेवटचं. असेना का! यादीत होतं. फ्लेक्सही खोटा ठरला नाही, फक्त थोडा आधी लागला.

पुढे विभागाचा वार्षिक कार्यक्रम ठरला. मी गावात सांगून टाकलं, "मॅडमनी मले खास काम देल्लं आहे. माझ्याबिगर कार्यक्रम सुरूच होत नाई!" झालं! रंजना, रफीकभाई आणि फ्लेक्सवाले मित्र, एक अख्खी काळी-पिवळी जीप भरून मंडळी आली आणि पहिल्या रांगेत बसली. सगळ्यांचे डोळे पडद्याकडे, माझी वाट बघत.

मी विंगेत उभा राहिलो. पहिली घंटा दिली. दुसरी दिली. तिसरी तर अशी घुमवून दिली, की तशी त्या विद्यापीठात कोणी दिली नसेल. पडदा वर गेला, आणि गायला बसली होती ती कोरपन्याची पोरगी.

मी हातातली घंटा लपवतच होतो, तेवढ्यात रफीकभाईंनी मला पाहिलं. पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, "वाह रे पठ्ठ्या! घंटेले वन्स मोर!"