भोपळ्यावरचा पहिला घाव

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी साडेसहा वाजता, चाकणच्या आमच्या बैठ्या चाळीच्या मालकीणबाईंवर अन्याय झाला. तो मी केला. मी कामगारांची पत्रकं लिहिते. कुणावर, कधी आणि कुणी, हे आधी लिहायचं एवढं मला शिकवलंय.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. उंबऱ्यात बसायचं, मांडीवर भोपळा, हातात कोयता, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषाला हाक. "ए भाऊ, जरा घाव घाल रं! बाईमाणसानं अख्खा भोपळा फोडू न्हाई." पत्र्यावर वेल पसरलेला, त्यामुळे पावसाळा सरला की आठवड्यातून दोनदा तरी ही हाक ऐकू यायचीच.

मला संताप यायचा. "मावशी, बाया कंपनीत प्रेस मशीन चालवतात. त्यांना भोपळा फुटत नाही?"

"व्हय गं, तुझं खरं हाय," त्या म्हणायच्या. आणि पुढच्या माणसाला हाक.

घाव घालणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. लोखंडी कढईत मेथीदाणे तडतडायचे, मग ठेचलेला लसूण, सुकी मिरची, सालासकट फोडी आणि वरून शेंगदाण्याचं कूट. सोबत बाजरीची भाकरी. कुणी घारग्यांचं नाव काढलं की फटकारायच्या, "ग्वाड खाऊन शिफ्ट निघती व्हय?"

त्या सोमवारी त्यांनी चार नंबरच्या खोलीतल्या फिटरला बोलावलं. बुलढाण्याकडचा, चाळिशीचा, ठेकेदारीवरचा माणूस. त्यानं बूट काढले, बाह्या सारल्या. तेवढ्यात मी आले. कंपनीच्या गेटवर रखवालदारानं माझी पत्रकं फाडली होती, डोकं आधीच तापलेलं. मावशींच्या हातातला कोयता घेतला आणि एका दणक्यात भोपळ्याचे दोन तुकडे केले.

"बघा! कोसळलं का आभाळ?"

फिटरनं भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग माझं काय काम," म्हणाला. बूट घातले आणि गेला.

मावशींनी कढई चढवली. भाजी केली, तीन ताटं घेतली आणि त्यातलं एक पुन्हा फळीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बायकापोरं गावाला हाईत त्याची. चार दिस झालं, वडापाव खातोय. त्याच्या कंपनीच्या कँटिनात ठेक्यावरच्या माणसाला ताट न्हाई. जेवाय ये म्हटलं तर लाजतो. काम सांगितलं तर येतो."

"पण बाईनं फोडू नये म्हणता ते?"

"अगं येडे, मालक गेल्यापासून अकरा वर्सं एरवी कोण फोडतंय? मीच. आत, दार लावून."

कंपनीतल्या त्या ताटासाठी मी तीन पत्रकं काढली होती. एकही माणूस जेवला नव्हता.

मंगळवारी मावशींनी वेलावरचा दुसरा भोपळा काढून माझ्या हातात दिला. "मार आता हाक." सगळी चाळ बाहेर बसलेली. मी उंबऱ्यात बसले, घसा खाकरला. "ओ दादा, जरा घाव घाला. मला फुटत नाहीये."

फिटर थबकला. "काल तर एका दणक्यात फोडलात की ताई."

"हा जरा कडक आहे."

मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानं घाव घातला, हात धुतले आणि मांडी घालून बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी नको नको म्हणत अर्धी घेतली. त्या दिवसापासून माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याची गाठही तोच सोडवून द्यायचा. मला ती सुटत नसे, असं ठरलं होतं.

मावशींचे गुडघे गेले. गेल्या उन्हाळ्यात लेक त्यांना राजगुरुनगरला घेऊन गेली. यंदाही पत्र्यावर वेल चढलाय, पण उंबऱ्यात मी बसते. कंपनीतल्या ताटाची मागणी मी सोडलेली नाही, ती वेगळ्या पत्रकात वाचा. या पत्रकात मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या शेजारी कोण एकटं जेवतं, तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातून भोपळा आणा, अख्खा. त्याचं दार वाजवा आणि बिनदिक्कत खोटं बोला, की मला फुटत नाही. आज. हा कागद खाली ठेवा आणि उठा.