साहेब वळणावर दिसले की

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातून निघालो तेव्हा थंडी अजून पानापानांवर बसून होती. गाडी हे स्वतःच चालवत होते. महिनाअखेरीस हे निवृत्त होणार होते आणि त्याआधी सुरगाण्याच्या डोंगरातला एक पाडा (छोटी वस्ती) त्यांना मला दाखवायचा होता. नव्वदच्या दशकात हे तिथे गटविकास अधिकारी होते. मी तेव्हा नाशिकच्या महाविद्यालयात मराठी शिकवत होते. तो डोंगर मला ठाऊक होता तो केवळ यांच्या शनिवार-रविवारच्या बोलण्यातून.

"विहीर खणली की बदली. झाडं लावली की बदली," दिंडोरीच्या अलीकडे हे म्हणाले. "पाणी पाहिलं नाही, सावली पाहिली नाही. एक तरी काम टिकलेलं डोळ्यांनी बघावं आणि मग खुर्ची सोडावी, एवढंच मनात आहे."

ते एक काम म्हणजे निर्धूर चुली. पहिल्याच दौऱ्यात यांनी तिथल्या बायकांचे धुराने लाल झालेले डोळे पाहिले आणि मग घरोघरी भिंतीला लागून मातीची चूल घालून घेतली. तिची नळी छपरातून वर काढलेली. अख्खा पाडा धुरातून सुटला, हे सांगताना यांचा आवाज त्या काळी कसा उजळायचा, ते मला अजून आठवते.

द्राक्षबागांवर पांढुरके धुके होते. घडांचे मणी अजून हिरवे, कडक, आपल्यातच मिटलेले. वणीत चहा घेतला; कपाच्या कडेला आल्याचा तिखटपणा रेंगाळत होता. वणी सोडल्यावर डोंगर अंगावर आले. उतारांवर खुरासणीची पिवळी फुले ओसरत चालली होती आणि कापलेल्या नागलीचा (नाचणीचा) कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत येत होता. बोरगावच्या पुढे एका चढावर गाडीने मान टाकली. इंजिन निवेपर्यंत आम्ही दगडावर बसलो. हे समोरच्या खोऱ्याकडे पाहत होते, निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभ्या असलेल्या मुलासारखे.

शेवटच्या वळणावरून पाडा दिसला. कारवीच्या कुडाची घरे, मातीने सारवलेली. आमच्या येण्याचा निरोप यांनी ग्रामसेवकाकडे धाडला होता. न कळवता कुठे जाण्याची सवयच नव्हती. एका छपरावरच्या नळीतून धुराची बारीक रेघ निघाली होती.

"बघ," हे म्हणाले. "चालू आहे."

त्या घराच्या अंगणात सोनीबाई उभ्या होत्या. चुली घालताना पाड्यातल्या बायकांच्या त्या पुढारी होत्या, हे मला यांनी वाटेत सांगितले होते. कपाळावर गोंदण, हात अजून ओल्या मातीचे.

"सायेब! केस पार पांढरे करून आले की वो!"

"तुमचे तरी कुठं काळे राहिले, सोनीबाई?"

"माझं काय, मी सरकारी नाय. मला कोण रिटायर करतंय!" मग माझा हात हातात घेत म्हणाल्या, "ही बाय तुमची मालकीण ना? चल गं आत, तुला सायेबाची चूल दावते."

आत काळोख होता, गार आणि शेणाच्या ताज्या सारवणाचा वास असलेला. भिंतीशी चूल होती, नव्या नवरीसारखी सजवलेली, कडेला रांगोळीचे ठिपके. सोनीबाईंची सून मंगला फुंकणीने जाळ फुलवत होती. हे वाकून कौतुकाने पाहू लागले. एवढ्यात चुलीच्या तोंडातून धुराचा लोट बाहेर आला, मग दुसरा. क्षणात घर भरले. आम्ही सगळे ठसकत, डोळे पुसत अंगणात धावलो.

शेजारचा एक म्हातारा कुंपणापलीकडून ओरडला, "अगं, नळीत साळुंकीनं घर केलंय! कालच बोललो नव्हं मी!"

सगळे हसले. हेही हसले. मग मंगलेला विचारले, "ही नळी कधीपासून बंद आहे गं?"

"काय ठावं. मी लगीन होऊन आल्यापास्नं आज पयल्यांदा पेटवली."

"गप गं!" सोनीबाई डाफरल्या, पण शब्द निघून गेला होता.

हे अंगणातल्या खाटेवर बसले. "आणि मी यायचो तेव्हा?"

सोनीबाईंनी पदराने डोळे पुसले. "तवा पेटवायचो की. वळणावर जीप दिसली का कोणीतरी आरोळी द्यायचं, 'पेटवा गं, सायेब आला.'"

"पण का?"

"आता काय सांगू! ती चूल भिंतीला चिकटून. थंडीत तिच्याभवती बसायला नाय येत. आमाला चूल मधी लागते, चारी बाजूंनी शेकायला."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमी वाकून बघायचे अन् लेकरावानी हसायचे. दुसरे सायेब तर हसत बी नाय. तुमचं मन कोण मोडंल?"

जेवण मागच्या पडवीत झाले. मधोमध तीन दगडांची चूल होती. नागलीची भाकर आणि उडदाचे भुजे (भाजलेल्या उडदाचे कालवण), लसणाच्या झणक्याचे. धूर मधूनमधून सगळ्यांच्या तोंडावर वाटून जात होता. यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

निघताना सोनीबाईंनी गाडीच्या काचेवर हात ठेवला. "पुढच्या बारीला दोन दिस आधी सांगा, सायेब. नळी साफ करून ठेवू."

हे "हो" म्हणाले.

परतताना वणी मागे पडली. मग हे हळूच म्हणाले, "चूल भिंत सोडून मधे घेतली असती. नळीला दोन खांब लागले असते, बस. मी विचारायचो गं प्रत्येक वेळी. 'आता धूर नाही ना?' त्या म्हणायच्या, 'नाय.'"

मी बाहेर पाहत राहिले. ज्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले असते, त्याला प्रेमाची माणसे दुसरे उत्तर देत नाहीत. यांच्या उभ्या नोकरीवर मला राग धरता येईना, आणि त्या बायकांवर तर मुळीच नाही. हळहळ तेवढी दाटून आली; ती कोणाच्या पदरात टाकावी, हे कळेना.

घरी पोचल्यावर मी ओट्याशी टाचा उंचावून भाताचा कुकर लावत होते. हे दारात येऊन उभे राहिले. ओट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. हा ओटा यांनीच, घर बांधताना, स्वतःच्या उंचीच्या मापाने घालून घेतला होता.

"ओटा उंच नाही ना होत तुला?" त्यांनी विचारले.

"छे," मी म्हणाले, "अजिबात नाही."