लछूकाकांनी अडवलेली रेस

लछूकाका गेले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

बंद मी केलं होतं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काकांचं गॅरेज उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. सिंधी माणूस, सत्तरीला टेकलेला. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. चिडले की फक्त सिंधी.

माझी लाल इटालियन कूपे, दोन दारांची, माझ्याहून वयाने मोठी, ती त्यांनीच उभी केली. बदलापूर गावात एका गोठ्यात पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

तीन वर्षं लागली. ड्रायव्हरची सोडून सगळ्या सीट काढल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलं. रस्त्यावरची गाडी ट्रॅकची झाली.

मग पहिली रेस. मी, माझी बायको सायली आणि काका. गाडी ट्रकवर टाकून नेली. तिथल्या तपासणीत पास झाली.

प्रॅक्टिस करून आत आलो तर काका पुढच्या डाव्या चाकाशी वाकलेले.

"साईं, वळताना टक् आवाज येतो."

"मला नाही आला."

"तू हेल्मेट में है. मी बाहेर उभा आहे."

जॅक लावला, चाक हलवून बघितलं. काही नाही. तेवढ्यात गाड्या लाइनवर बोलावल्या.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आवाजामुळे नाही, रेसमुळे. आता थांबलो तर पुन्हा कधी बसणार नाही, ही भीती जास्त होती.

मी बसलो. आणि काका दुसऱ्या बाजूने आत शिरले. सीट नव्हतीच तिथे. नुसत्या पत्र्यावर मांडी घालून बसले. पाइप घट्ट धरला.

"तू जाएगा तो मैं भी जाएगा."

मी ओरडलो. हात जोडले. सायलीनं समजावलं. लोक मोबाइल काढून शूट करत होते.

काका उतरले नाहीत. रेस आमच्याशिवाय सुटली.

मग उतरले. गुडघे आखडले होते, दोघांनी धरून उभं केलं.

परत आल्यावर कॅम्प चारला चाक खोललं. काहीच सापडलं नाही.

काका म्हणाले, "बेरिंग खेचून बघू. त्याच्या खालचा एक्सल दिसत नाही."

"नको. खेचताना तुटलं तर असलं बेअरिंग परत मिळणार नाही."

आणि मग जे बोलायला नको होतं ते बोललो. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांची मुलगी भावना काउंटरवर होती.

"वय झालं काका तुमचं. कान वाजतात."

काकांनी फडक्याला हात पुसले. "ठीक है. ले जा."

मी गाडी घेऊन गेलो. दुसरा मेकॅनिक धरला. पुढच्या रेसला बारा लॅप मारले. फोटो इथेच टाकले होते, तुम्ही सगळ्यांनी लाइक केले. काकांचं काही आलं नाही. मला वाटलं, जळले.

दोन महिन्यांनी दुपारी गॅरेजमध्येच त्यांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

स्मशानात मी मागे उभा होतो. भावनाकडे बघायची हिंमत झाली नाही.

नंतर महिन्याभरात ते बेअरिंग गुरगुरायला लागलं. नव्या मेकॅनिकने खेचून काढलं. मी एक्सल माझ्या कंपनीत घेऊन गेलो.

मी अंबरनाथला क्वालिटीमध्ये आहे. दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करायचा पगार घेतो.

लाल डाय लावला, चीर असेल तर तो आत मुरतो. पुसला. वर पांढरा स्प्रे मारला.

बेअरिंग बसतं बरोबर त्या जागी लाल रेष उमटली. अर्ध्याहून जास्त गोलाई चिरली होती.

मी स्टुलावर बसलो. बारा लॅप. प्रत्येक वळण आठवायला लागलो. कुठल्याही वळणावर ते चाक निघून गेलं असतं.

घरी सायलीला सांगितलं.

"त्या बारा लॅपच्या रेसला मी काकांना मिस कॉल देत होते," ती म्हणाली. "गाडी समोरून गेली की एक. त्यांनीच सांगितलं होतं. बारावा दिला तेव्हा त्यांनी उलट फोन केला. बोलता येत नव्हतं त्यांना. रडत होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. म्हणाले, रुसलाय तो, येईल आपणहून."

मी एक्सल भावनाकडे नेला. तिने रेषेवरून नख फिरवलं.

"भावना, त्यांना हे दाखवायला हवं होतं गं. बरं वाटलं असतं त्यांना."

"नाही दादा," ती म्हणाली. "पप्पा किती घाबरले असते."

गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे. नवीन एक्सल कुणाकडून करून घ्यायचा, ते अजून ठरत नाही.

काका, तुमचं बरोबर होतं. एवढंच तोंडावर म्हणायचं राहिलं.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. आणि माफी.