द्वारकाबाईंच्या मागचा नंबर

श्रीरंगचं काम कुणाला सांगून कळत नसे. "संगणकात असतो," एवढं बोलून त्याचे वडील मधुसूदनराव विषय मिटवत.

काम खरं तर सोपं सांगता येतं. कॅमेरा आणि संगणक यांच्यात एक वायर असते. तिच्यावरून चित्रं जात नसली तरी ती जागी राहते आणि वीज खाते. श्रीरंग तिला झोपवायचा. काम आलं की उठवायचा. संगणकाच्या आत बसून ही राखण करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. असे ड्रायव्हर लिहिण्यासाठी तो मुकुंदवाडीहून रोज मोटारसायकलनं वाळूजला जायचा. कंपनी लहान होती. माणसं बोटांवर मोजण्याएवढी.

वायरीच्या झोपेचेही प्रकार असतात. डुलकी घेणारी वायर हाकेसरशी उठते. गाढ झोपलेली उठायला वेळ लावते, पण वीज फार वाचवते. श्रीरंगला गाढ झोपेचा अभिमान होता. घरातही रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

त्याला दुसरा अभिमान होता तो बुद्धीचा. मधुसूदनराव पंचांग बघितल्याशिवाय फ्रिजसुद्धा घरात आणत नसत. मांजर आडवं गेलं की स्कूटर थांबवत. मागं बसलेला श्रीरंग उतरून चालायला लागे.

"अरे, थांबलो तर काय बिघडतं?"

"बाबा, मांजर आपल्या कामाला गेलं. तुम्हीपण जा."

मग कंपनीनं मोसंबीचं यंत्र केलं. पैठणकडच्या एका गावात बागायतदारांची शेड होती. तिथं मालाचा दर वानगीवर ठरायचा. प्रत्येकानं आपल्या ढिगातली ओंजळभर फळं आणायची, ती पाहून सगळ्या मालाची प्रत ठरायची. पूर्वी हे काम व्यापाऱ्याचा डोळा करी आणि रोज भांडणं होत. आता फळं छोट्या पट्ट्यावरून जाणार होती. कॅमेरा साल बघणार, डाग बघणार आणि पडद्यावर लिहिणार: अव्वल, मध्यम, हलकी. गावात दिवसा विजेचा भरवसा नव्हता. यंत्र सौर बॅटरीवर होतं. एकाची वानगी उचलून दुसऱ्याची येईपर्यंत श्रीरंगची वायर गाढ झोपून घेई. बॅटरी दिवसभर पुरली. कंपनीच्या मालकांनी शेडमध्ये पेढे वाटले.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी श्रीरंगनं शेडमध्ये छोटं भाषणही केलं होतं. "मशीन कुणाचं तोंड बघत नाही. ते सांगेल तेच खरं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याचं म्हणणं मनावर घेतलं.

हंगाम भरात आला तेव्हा शेडचे प्रमुख नानासाहेब यांचा फोन आला.

"साहेब, मशीन झकास हाय. पर एका बाईचा घोळ झालाय. तिच्या मागं नंबर लावायला कुणी तयार नाय."

"कोण बाई?"

"द्वारकाबाई. नवरा तुमच्या तिकडंच, बजाजनगरला राहतो, कंपनीत हाय. बाग हीच बघती. हिच्या मागं लागलं की माल हलका पडतो. हिचा मातर अव्वल. लोक म्हणतात, मागच्याचं नशीब वढून घेती."

श्रीरंग हसला. "मी येतो," तो म्हणाला. "सगळ्यांना थांबवून ठेवा."

तो गेला तेव्हा शेड भरलेली होती. द्वारकाबाई कोपऱ्यात एकट्या उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. क्रेट पायाशी. सगळ्यांचं आटोपल्यावरच आपली वानगी लावायची, असं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

श्रीरंगनं अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले. मग म्हणाला, "आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बघू. आधी मावशींची वानगी. त्यांच्या मागं नानासाहेबांची."

"मला नका हुबं करू, साहेब," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

"मावशी, माझ्यावर विश्वास ठेवा."

कडुबा नावाचा हमाल यंत्रावर असायचा. त्याच्याच घरची चांगली वानगी नुकतीच पट्ट्यावरून गेली होती. त्यानं ती उचलली, पट्टा पुसला आणि द्वारकाबाईंची फळं सोडली. त्यांच्या बागेवर मंगू रोग पडला होता. गावात तेवढ्या एकाच बागेत. सालीवर तपकिरी, खरखरीत डाग. पडद्यावर आलं: अव्वल.

"पाहा!" श्रीरंग म्हणाला. तो फळांकडं बघत नव्हता. लोकांकडं बघत होता.

"आवो, पर डाग हायेत की," कुणीतरी म्हणालं.

"वरवरचे असतील. मशीनला कळतं."

मग नानासाहेबांची फळं गेली. पिवळीधमक, एकसारखी. पडद्यावर आलं: हलकी.

 मागून एकजण म्हणाला, "मशीन कुणाचं तोंड बघत नाय, असं तुमीच म्हणला व्हता ना साहेब?"

"आता बाईचं तोंड कुणी बघावं, त्ये सांगा!" दुसरा म्हणाला. लोक हसले.

द्वारकाबाईंनी क्रेट उचललं. त्यांची मान खाली होती. त्या जाताना माणसं बाजूला सरली. वाट देण्यासाठी नाही. पदर लागू नये म्हणून.

श्रीरंगनं यंत्राचा संगणक काढून वाळूजला नेला. त्यात प्रत्येक फळाचं चित्र साठलेलं असे. त्यानं नानासाहेबांच्या वानगीची चित्रं उघडली. सगळ्या फळांवर मंगूचे डाग होते.

त्यानं चित्रांच्या वेळा ताडून पाहिल्या.

वायर गाढ झोपेतून उठायला वेळ लावत होती. तेवढ्यात ओंजळभर फळं पट्ट्यावरून निघून जात; कॅमेऱ्यानं टिपलेली त्यांची चित्रं उशिरा पोचत आणि तशीच पडून राहत. मधल्या वेळात संगणकाला द्यायला ड्रायव्हरकडं नवीन चित्रं नसत. तो रिकाम्या हातानं परत येत नव्हता. मागची चित्रं पुढं करत होता. प्रत्येकाला आपल्या आधीच्या माणसाची प्रत मिळत होती. गावचा बाकी माल सारखाच, म्हणून कुणाला कळलं नाही. एकाच बागेचा वेगळा होता. तो कळला, आणि लोकांनी त्याचं कारणही शोधलं. यंत्र चुकत नाही म्हटल्यावर चुकायला बाईच उरली होती.

कंपनीत चाचणी झाली होती. बजाजनगरच्या गाड्यावरून आणलेली मोसंबी, एकाच ढिगातली. मागचं फळ आणि पुढचं फळ सारखंच. चाचणी झाल्यावर सगळ्यांनी ती सोलून खाल्ली होती.

घरी त्यानं वडिलांना सांगितलं. त्यांनी टोमणा मारावा असं त्याला वाटत होतं. मधुसूदनरावांनी चष्मा काढला.

"मांजर आडवं गेलं की आम्ही थांबतो," ते म्हणाले. "आमचाच उशीर होतो. तू तर तिथं मांजर पाळून ठेवलंस आणि त्याला बाईचं नाव दिलंस."

दुरुस्ती मोठी नव्हती. जागं झाल्यावर जुनी चित्रं फेकून द्यायची. नवं चित्र आल्याशिवाय प्रत सांगायची नाही. शेड उघडी असेपर्यंत वायरीनं नुसती डुलकी घ्यायची. बॅटरी थोडी लवकर उतरणार होती, तेवढंच. पण संगणकाची पेटी घेऊन गावाकडं जाताना श्रीरंगला रस्ता संपू नये असं वाटत होतं.

शेडमध्ये त्यानं सगळं सांगितलं. चूक माझी, असं दोनदा म्हणाला.

"म्हंजी मशीन झोपत व्हतं?" नानासाहेबांनी विचारलं.

"हो."

"आन् झोपेत बरळत व्हतं."

"हो."

"म्या पोत्यावर जरा कलंडलो की नाना बोंब मारत्यात," कडुबा म्हणाला. "याला पेढे!"

लोक हसले. श्रीरंगला ते हसणं सोसत नव्हतं. त्याला शिव्या हव्या होत्या.

द्वारकाबाईंना निरोप धाडून बोलावलं होतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापाशी गेला.

"मावशी, तुमचा काही दोष नव्हता. मशीनचा होता. माझा होता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "भाचीचं डोहाळजेवण झालं. म्या गेले नाय. भाऊ न्यायला आल्ता. म्हणलं, पोटुशी हाय, काहून जावं?"

"तुम्हालाही ते खरं वाटलं?"

"तुमीच दावलं ना, साहेब. समद्यांसमोर."

त्यानं कडुबाला खूण केली.

कडुबानं नानासाहेबांची वानगी आधी घेतली. अव्वल. मग द्वारकाबाईंची. पडदा क्षणभर कोरा राहिला, मग आलं: हलकी. त्यांनी स्वतःच्या फळांकडं बघितलं आणि डागावरून अंगठा फिरवला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मंगूच हाय त्यो."

आता मागचा नंबर. कडुबा थांबला. कुणीच पुढं आलं नाही. एकाला फोन आला. एकाची वानगी गाडीत राहिली होती. नानासाहेब छताकडं बघत होते.

श्रीरंगनं नानासाहेबांच्या क्रेटमधून ओंजळभर मोसंबी उचलली. "माझा नंबर," तो म्हणाला, आणि द्वारकाबाईंच्या मागं उभा राहिला. त्याला जरा बरं वाटलं. वाळूजला ही चाचणी त्यानं पुन्हा पुन्हा केली होती. चांगलं फळ, डागाळलेलं फळ, उलटसुलट करून. काही चुकणार नव्हतं.

फळं पट्ट्यावर चढली. तो द्वारकाबाईंशी काहीतरी बोलणार होता. पण मान आपोआप पडद्याकडं वळली. श्वास छातीत अडकला.

अव्वल.

त्यानं श्वास सोडला. जरा मोठ्यानंच सोडला. मग बघतो तर द्वारकाबाई पडद्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"तुमाला बी भ्याव वाटलं, साहेब," त्या म्हणाल्या.

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"वाटलं, मावशी."

त्यांनी डागाळलेली फळं एकेक करून क्रेटमध्ये ठेवली. तो मदतीला वाकला तेव्हा त्यांनी पदर आवरून घेतला. त्याला लागू नये म्हणून.